नवखा माणूस रुळतो कसा, हे वर्गात शिकवताना

'संघटनात्मक सामाजिकीकरण', म्हणजे संस्थेत नव्याने आलेला माणूस तिथला कसा होतो याचं पुस्तकी नाव. हे शब्द फळ्यावर लिहिले की वर्गातली पेनं चालू होतात आणि डोकी बंद. शब्द चुकीचे नाहीत, परीक्षेत तेच लागतात, पण सुरुवात त्यांनी करू नये. मराठीत या विषयाला दोन घरचे शब्द आहेत: रुळणं आणि मुरणं. रुळलेल्या माणसाला काम कुठून येतं, कुठे जातं, कोणाला कधी गाठायचं हे कळतं. मुरलेल्या माणसाला 'हे असंच का?' असा प्रश्न पडेनासा होतो. 'तो आता रुळला' आणि 'तो आता चांगलाच मुरलाय' यातलं कौतुक कुठलं आणि टोमणा कुठला, एवढं विचारून गप्प बसलं तरी पहिली दहा मिनिटं वर्ग आपोआप चालतो.

त्यानंतर बहुतेक ठिकाणी टप्पे शिकवले जातात. डॅनियल फेल्डमनने 1976 मध्ये तीन टप्पे मांडले: रुजू होण्याआधीच्या अपेक्षा, रुजू झाल्यावरची जुळवाजुळव आणि मग आपली भूमिका सांभाळणं. वेगवेगळ्या पाठ्यपुस्तकांत नावं बदलतात, जिना तोच राहतो. टप्पे शिकवायला हरकत नाही, त्यांना वीस मिनिटं पुरतात. अडचण अशी की विद्यार्थी हे तीन टप्पे सुवाच्य अक्षरात लिहितात, दहापैकी आठ गुण मिळवतात आणि नवख्याचं नेमकं कुठे अडतं हे त्यांना कळलेलंच नसतं.

नवख्याचं अडतं ते विचारण्यापाशी. माहिती बहुतेक वेळा तीन खुर्च्या पलीकडे बसलेली असते, पण ती मागण्याची किंमत द्यावी लागते: 'एवढंही माहीत नाही?' ही नजर, समोरच्याचा वेळ, आणि आपण कच्चे आहोत याची जाहीर कबुली. शिवाय ही किंमत स्थिर नसते. कामाविषयीचा साधा प्रश्न पहिल्या आठवड्यात फुकट असतो, चौथ्या महिन्यात महाग पडतो. अलिखित रिवाजांचं उलटं. त्यांच्याबद्दल पहिल्या आठवड्यात प्रश्नच सुचत नाही आणि सुचायला लागतो तोवर विचारायची मुभा संपत आलेली असते. सगळा पाठ या कात्रीभोवती उभा करावा असं माझं मत आहे. त्यासाठी दीड-दीड तासाची तीन सत्रं आणि एक क्षेत्रकार्य पुरतं.

पहिलं सत्र: पत्ते

शिवसैलम थियागराजन यांनी 1980 मध्ये 'बार्न्गा' नावाचा खेळ तयार केला. आंतरसांस्कृतिक प्रशिक्षणात तो जगभर वापरला जातो आणि संस्थेत नव्याने येणाऱ्या माणसाचा अनुभव देण्यासाठी याहून स्वस्त साधन मला माहीत नाही. चार टेबलं, प्रत्येकी चार खेळाडू. प्रत्येक टेबलावर पत्त्यांची 28 पानं: चारही रंगांची एक्क्यापासून सत्तीपर्यंत. पूर्ण कॅटमधून असा एकच संच निघतो, उरलेली 24 पानं बाजूला ठेवायची, त्यामुळे चार टेबलांना चार कॅट लागतात. प्रत्येकाला सात पानं. उतारीचा रंग पाळायचा, तो नसेल तर कुठलंही पान टाकायचं, उतारीच्या रंगाचं सर्वांत मोठं पान हात जिंकतं. इथवर सगळ्यांचे नियम सारखे. फरक फक्त दोन गोष्टींत ठेवायचा, एक्का आणि हुकूम:

टेबल 1: एक्का सर्वांत मोठा, हुकूम नाही.
टेबल 2: एक्का सर्वांत लहान, चौकट हुकूम.
टेबल 3: एक्का सर्वांत लहान, हुकूम नाही.
टेबल 4: एक्का सर्वांत मोठा, इस्पिक हुकूम.

नियमांचे कागद दिसायला तंतोतंत सारखे असावेत, ओळींची संख्यासुद्धा. हुकूम नसेल तिथे ती ओळ गाळायची नाही, 'या खेळात हुकूम नसतो' असं लिहायचं. नाहीतर कोणीतरी शेजारच्या टेबलावरचा कागद आपल्यापेक्षा आखूड आहे हे टिपतो आणि खेळ तिथेच संपतो. एक्का आणि हुकूम याखेरीज तिसरा फरक घालण्याचा मोह टाळा. नियम फार वेगळे असले तर 'इथे सगळंच वेगळं आहे' हे पहिल्याच हाताला कळतं. संस्था बदलणाऱ्या माणसाची फजिती जिथे नव्वद टक्के सारखं असतं तिथेच होते.

दहा मिनिटं कागद समोर ठेवून सराव करू द्यायचा, या वेळात बोलायला परवानगी. मग कागद गोळा करायचे आणि बोलणं बंद: शब्द नाही, लिहिणं नाही, खुणा चालतील. पहिली फेरी प्रत्येकाने आपापल्या टेबलावर सात मिनिटं खेळायची. एक वाटप संपलं की पिसून पुन्हा वाटायचं आणि शिट्टी वाजेपर्यंत झालेले हात मोजायचे. सर्वांत जास्त हात करणारा एक टेबल वर, सर्वांत कमी करणारा एक टेबल खाली, मधले दोघे जागेवर. बरोबरी झाली तर नाणं उडवा. पान काढून निकाल लावायला जाल तर एक्का मोठा की लहान यावरूनच भांडण होईल. अशा आणखी दोन फेऱ्या.

आता हिशोब पाहा, कारण खरी गंमत त्यात आहे. टेबल 1 वरचा विजेता जागेवरच राहतो, हरणारा खाली जातो, टेबल 2 चा विजेता वर येतो. म्हणजे तिथे तीन जुने आणि एक नवा. सर्वांत खालच्या टेबलावरही तसंच, फक्त नवा येतो तो वरून हरून आलेला. मधल्या टेबलांवर मात्र दोन जुने आणि दोन नवे, आणि ते दोन नवेसुद्धा दोन वेगळ्या टेबलांवरून आलेले, एक जिंकून, एक हरून. एकाच वर्गात, एकाच वेळी, नवख्याच्या दोन अगदी वेगळ्या परिस्थिती तयार होतात: चारात एकटा असणं, आणि जिथे बहुमतच नाही तिथे असणं. संस्थेच्या भाषेत बोलायचं तर स्थिर विभागात एकट्याने रुजू होणं, आणि नुकतीच मोठी भरती झालेल्या विभागात रुजू होणं. निरीक्षकांना या दोन जागा वाटून द्या. 40 जणांचा वर्ग असेल तर आठ टेबलं आणि प्रत्येकाला एक निरीक्षक, चार-चार टेबलांचे दोन स्वतंत्र गट करून.

निरीक्षकाने काय पाहायचं ते आधी नेमकं सांगावं लागतं, नाहीतर तो 'सगळे गोंधळले होते' असं लिहून आणतो. त्याने एकच क्षण पाहायचा. नवीन आलेला खेळाडू चौकट टाकून हात मारतो, कारण त्याच्या जुन्या टेबलावर चौकट हुकूम होती, आणि पानं ओढायला हात पुढे करतो. त्याच क्षणी बदामाचं मोठं पान टाकणारीचा हातही त्याच चार पानांवर पडतो. दोन तळवे, खाली चार पानं, बोलायची बंदी. कोण हात मागे घेतं? किती सेकंदांत? मागे घेण्याआधी कोणाच्या चेहऱ्याकडे पाहिलं? आणि पुढच्या दोन हातांना तो माणूस पान टाकायला आधीपेक्षा जास्त वेळ घेतो का?

तीन विरुद्ध एक असेल तिथे बहुतेक वेळा एकटाच हात मागे घेतो. विद्यार्थी याला लगेच 'त्याने नियम स्वीकारला' म्हणतात. इथे थांबवायचं. त्याला नियम अजून कळलेलाच नाही, फक्त गप्प बसायचं कळलंय. आज्ञापालन आधी येतं, समज नंतर, कधी कधी येतच नाही. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून पहिल्या महिन्यात 'छान रुळला' असा शेरा मारणारे वरिष्ठ वारंवार फसतात.

चर्चेला निदान 35 मिनिटं राखून ठेवा. खेळ रंगतो म्हणून चौथी फेरी घेणं आणि चर्चा दहा मिनिटांत उरकणं ही या सत्रातली सर्वांत नेहमीची चूक. क्रम असा ठेवावा: काय घडलं, काहीतरी बिनसलंय असं पहिल्यांदा कधी वाटलं, आणि त्या वेळी मनात काय स्पष्टीकरण आलं. स्पष्टीकरणं तीनच प्रकारची येतात: 'माझंच चुकतंय', 'हे लोक लबाडी करतायत' आणि 'इथले नियम वेगळे आहेत'. हात वर करायला लावून तिन्हीचे आकडे फळ्यावर लिहा. तिसरं स्पष्टीकरण शेवटी सगळ्यांना सोपं वाटतं, पण त्या क्षणी ते किती जणांना सुचलं होतं हे आकडा सांगतो.

मेरिल रीस लुईस यांची 1980 मधली मांडणी इथे आणायची, आधी नाही. त्यांचं म्हणणं असं: नवख्याला धक्के बसणारच, प्रश्न तो त्यांचा अर्थ कसा लावतो हा आहे. जुन्या माणसाकडे अर्थ लावायला इथला इतिहास असतो आणि 'मला असं वाटतंय, तुला?' असं विचारायला सोबती असतो. नवख्याकडे दोन्ही नसतं, म्हणून तो जुन्या ठिकाणचा नकाशा इथे पसरतो. खेळात बोलण्याची बंदी सोबती काढून घेते आणि आधीच्या टेबलाचा सराव जुना नकाशा पुरवतो. एवढं जोडून दाखवलं की सिद्धान्त समजावत बसावं लागत नाही.

काय काय बिघडू शकतं? 'आज आपण संस्कृतीचा खेळ खेळणार आहोत' असं आधी सांगितलं तर सगळं वाया. हा खेळ आधी खेळलेला कोणी असेल तर त्याला निरीक्षक करा. पत्ते अजिबात न खेळलेल्यांना सरावाला पाच मिनिटं जास्त द्या, नाहीतर ते प्रत्येक गोंधळ स्वतःच्या अज्ञानावर ढकलतात. अर्थात हेही चर्चेत वापरता येतं, कारण नोकरीतला अगदी नवशिका आणि दुसऱ्या संस्थेतून आलेला अनुभवी यांच्यात हाच फरक असतो. पहिला स्वतःवर शंका घेतो, दुसरा इतरांवर. घरच्या संस्कारांमुळे पत्त्यांना हात न लावणारे विद्यार्थी असतील तर चार रंगांचे, 1 ते 7 आकड्यांचे कागद कापून वापरा. कुजबुज होणारच. ती बंद करायला धावू नका, कोण कोणाशी कुजबुजलं ते निरीक्षकाला टिपू द्या.

दुसरं सत्र: चिठ्ठ्या

खेळात एक मोठी गोष्ट नसते. तिथे साहेब नाही, पगार नाही, परिविक्षेचा काळ नाही. विचारायला बंदी असल्यामुळे विचारण्याची किंमत कळत नाही. ती दुसऱ्या सत्रात आणायची.

24 चिठ्ठ्या करा, प्रत्येकीवर नवख्याला पडू शकणारा एक प्रश्न. रजेचा अर्ज कुठे करायचा? वरिष्ठ बसलेले असताना वेळ झाली म्हणून निघालं तर चालतं का? बैठकीत वरिष्ठांच्या आकड्यात चूक दिसली तर तिथेच सांगायची की नंतर? सुट्टीच्या दिवशी आलेल्या मेसेजला उत्तर द्यायचं का? 'बघून सांगतो' याचा अर्थ इथे होकार असतो की नकार? हे दोघे एकमेकांशी का बोलत नाहीत? आधीच्या माणसाने हे पद का सोडलं? नियमावलीत ज्याचं उत्तर मिळेल असे प्रश्न एक तृतीयांश ठेवा, जास्त नाही.

चार-चारच्या गटांनी प्रत्येक चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहायच्या: हे कोणाला विचाराल, आणि विचारायला सर्वांत योग्य वेळ कोणती, पहिला दिवस, तिसरा आठवडा की चौथा महिना. 25 मिनिटांनी चिठ्ठ्या भिंतीवर लावल्या की रिकामी जागा दिसू लागते. काही प्रश्न 'पहिला दिवस' खाली बसतात. पण बैठकीतल्या चुकीचा प्रश्न, न बोलणाऱ्या दोघांचा प्रश्न, पद सोडलेल्या माणसाचा प्रश्न हातातच राहतात, कारण कोणत्याही दिवशी ते कोणालाही सरळ विचारता येत नाहीत. मग माणसं ते कसे मिळवतात?

व्हर्नन मिलर आणि फ्रेड्रिक जॅब्लिन यांनी 1991 मध्ये नवख्यांच्या माहिती मिळवण्याच्या सात पद्धती सांगितल्या. सरळ विचारणं, आडून विचारणं, तिसऱ्यालाच विचारणं, मर्यादा ताणून पाहणं, गप्पांच्या ओघात काढून घेणं, निरीक्षण करणं, आणि पाहिलेलं साठवून ठेवून अर्थ नंतर लावणं. शेवटच्या दोन पद्धती मुलांना सारख्याच वाटतात. फरक असा की निरीक्षण करणाऱ्याला काय पाहायचं ते माहीत असतं, कसं बोलायचं ते तो एखाद्या विशिष्ट माणसाकडे पाहून शिकतो. साठवणाऱ्याला आज पाहिलेल्याचा उपयोग काय हे अजून माहीत नसतं. उरलेली प्रत्येक चिठ्ठी या सातांपैकी एकीखाली लावायला सांगा आणि त्या पद्धतीने ती माहिती काढण्याचा एक संवाद लिहायला लावा, तीन ओळींचा. 'आडून विचारणं' म्हणजे काय हे व्याख्येने कळत नाही. 'उद्या जरा लवकर निघायचं होतं, तुम्ही साधारण कितीला निघता?' या वाक्याने कळतं.

मर्यादा ताणून पाहणं ही सर्वांत महाग पद्धत, आणि तरुण मुलांना सर्वांत आवडणारी. एकदा दहा मिनिटं उशिरा येऊन पाहायचं कोणी काही म्हणतं का. तिचा दोष असा की कोणी काही म्हणालं नाही याचे दोन अर्थ होतात: चालतं, किंवा नोंद झाली. नवख्याला दुसरा अर्थ वर्षाच्या मूल्यमापनात कळतो.

एलिझाबेथ मॉरिसन यांच्या 1993 मधल्या अभ्यासात नव्याने लागलेले लेखापाल होते. कामाच्या तांत्रिक बाबी ते प्रामुख्याने विचारून घेत, पण आपल्याकडून काय अपेक्षित आहे, आपलं कसं चाललंय, इथली रीत काय, हे मुख्यतः पाहून. भिंतीवरच्या चिठ्ठ्यांची विभागणीही साधारण याच रेषेवर झालेली दिसते. तिथे बोट ठेवायचं आणि पुढे जायचं.

याच सत्रात सोबती नेमण्याचा प्रश्न घ्यावा, कारण वर्गातले काही जण पुढे मनुष्यबळ विभागात जातील. नवख्याला सोबती कोण द्यावा? गट बहुधा सर्वांत अनुभवी माणूस निवडतात. तो सहसा चुकीचा असतो. दहा वर्षं मुरलेल्या माणसाला आपल्याला काय काय माहीत नव्हतं हेच आठवत नाही, आणि त्याच्यासमोर बावळट प्रश्न विचारणं महाग पडतं. एक-दोन वर्षांपूर्वी रुजू झालेला, मूल्यमापनाशी संबंध नसलेला, जेवणाच्या सुट्टीत सहज भेटणारा माणूस बरा. जो साहेब शेरा लिहिणार त्यालाच सोबती नेमणं म्हणजे प्रश्नांवर कर बसवणं.

तिसरं सत्र: संस्था काय करते

आतापर्यंत नवखा काय करतो हे झालं. संस्था त्याला कशी घडवते याची मांडणी जॉन व्हॅन मानेन आणि एडगर शाईन यांनी 1979 मध्ये केली. सहा जोड्या आहेत: गटाने की एकेकट्याने, कामापासून वेगळं काढून की कामातच, ठरलेल्या क्रमाने की कसंही, निश्चित वेळापत्रकाने की अनिश्चित, जुन्या माणसाच्या हाताखाली की वाटाड्याविना, आणि शेवटची, माणूस जसा आहे तसा स्वीकारून की त्याची जुनी ओळख मोडून.

ही यादी पाठ करून घेण्यात अर्थ नाही. फळ्यावर तीन ठिकाणं लिहा: सैनिकी प्रशिक्षण केंद्र, मोठ्या रुग्णालयातली परिचारिका, आठ माणसांचं नवं कार्यालय. प्रत्येकासमोर सहा रकाने. सैनिकी केंद्राचे रकाने दोन मिनिटांत भरतात. रुग्णालयावर वाद होतो, आणि व्हायलाच हवा: पहिल्या आठवड्यातलं वर्गातलं प्रशिक्षण ठरलेलं असतं, पण रात्रपाळीत खाट क्रमांक सातच्या नातेवाइकांशी कसं बोलायचं ते ज्येष्ठ परिचारिकेच्या मागे मागे फिरूनच कळतं. म्हणजे एकाच नोकरीत दोन्ही टोकं. 'औपचारिक ते चांगलं, अनौपचारिक ते वाईट' असं मुलं इथे गृहीत धरतात. ते मोडायला गॅरेथ जोन्स यांचा 1986 मधला अभ्यास उपयोगी पडतो: आखीव, गटाने, मार्गदर्शकासह रुळवलं तर माणूस भूमिका आहे तशीच सांभाळतो आणि त्याची घालमेल कमी होते. एकट्याला सोडलं तर घालमेल वाढते, पण भूमिकेत स्वतःचं काही घालण्याकडे कल वाढतो. विमानाची देखभाल करणाऱ्याने पहिल्या वर्षी नवं काही घालू नये, जाहिरातीचा मजकूर लिहिणाऱ्याने घालावं. कुठली पद्धत चांगली हे कामावर ठरतं.

हुशार वर्ग असेल तर एक गाठ दाखवा. निश्चित वेळापत्रक आणि स्वीकार या दोन जोड्यांच्या परिणामांबद्दल जोन्स मूळ मांडणीशी सहमत नव्हते. माणसाला आहे तसं स्वीकारलं तर तो चौकटीत राहतो की चौकट बदलतो? दोन्ही बाजूंनी चांगले युक्तिवाद होतात. पंधरा मिनिटं वाद घालू द्या, निकाल लावू नका.

स्वीकार आणि मोडणं ही जोडी मुलांना सर्वांत अवघड जाते, म्हणून तिला एक ठोस उदाहरण हवं. डॅनियल केबल, फ्रांचेस्का जिनो आणि ब्रॅडली स्टॅट्स यांनी विप्रोच्या ग्राहकसेवा विभागात प्रयोग केला, तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. नव्याने रुजू होणाऱ्यांच्या काही तुकड्यांना नेहमीच्या प्रशिक्षणासोबत सुमारे तासाभराचं एक जादा सत्र मिळालं. एका प्रकारात भर होता तो त्या माणसाच्या स्वतःच्या बलस्थानांवर, आणि शेवटी मिळाला तो त्याचं नाव असलेला शर्ट. दुसऱ्या प्रकारात भर कंपनीच्या अभिमानावर, शर्टावर नाव कंपनीचं. तिसरा गट नेहमीच्या प्रशिक्षणाचा. पुढच्या काही महिन्यांत पहिल्या प्रकारातली माणसं जास्त टिकली आणि त्यांचे ग्राहकही जास्त समाधानी निघाले. वर्गात आधी निकाल सांगू नका. दोन्ही शर्ट फळ्यावर काढा आणि पैज लावायला सांगा. बहुतेकांचा कल कंपनीच्या शर्टाकडे जातो, कारण 'संस्कृती रुजवणे' याचा अर्थ त्यांनी तोच धरलेला असतो.

इथे पहिल्या दिवशीच्या दोन शब्दांकडे परत यायला जागा होते. समीर श्रीवास्तव, अमीर गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये एका मध्यम आकाराच्या तंत्रज्ञान कंपनीतल्या अंतर्गत ई-मेलची भाषा तपासली: कोणाची लिहिण्याची ढब सहकाऱ्यांच्या ढबीशी किती जुळते आणि ते काळानुसार कसं बदलतं. सुरुवातीला हळूहळू जुळणाऱ्यांवर पुढे काढून टाकलं जाण्याची पाळी जास्त आली. आपणहून सोडून जाणारे आधी नीट जुळले होते, मग त्यांची भाषा पुन्हा लांब गेली. जिना उतरताही येतो. टप्प्यांच्या आकृतीत हे कुठे बसवायचं ते विद्यार्थ्यांनाच ठरवू द्या.

मुरण्याची काळी बाजूही याच सत्रात यायला हवी. ब्लेक ॲशफर्थ आणि विकास आनंद यांनी 2003 मध्ये भ्रष्टाचार संस्थेत सवयीचा कसा होतो हे मांडताना तीन आधार सांगितले: तो कामाच्या पद्धतीतच बसवला जाणं, त्याला समर्थनं सापडणं, आणि नवख्यांना त्यात रुळवणं. तिसरा आधार म्हणजे आपला आजचा विषय, त्याच यंत्रणेने, तेवढ्याच प्रेमाने. पहिल्या दिवशी कोणी 'लाच घे' म्हणत नाही. 'तारीख मागची टाक, सगळे टाकतात' म्हणतं. नवखा एवढ्या लहान गोष्टीवर भांडत नाही, आणि पुढची पायरी या पायरीपेक्षा थोडीच उंच असते.

क्षेत्रकार्य

एकाच संस्थेतली दोन माणसं: एक सहा महिन्यांच्या आत रुजू झालेलं, दुसरं तीन वर्षांहून जुनं. प्रत्येकी 40 मिनिटं, कार्यालयाबाहेर, वरिष्ठांच्या ओळखीने न मिळवलेली. संस्थेचं आणि माणसाचं नाव अहवालात नको, संमती आधी घ्यायची. सहा महिन्यांची अट सोडू नका. दोन वर्षांनी माणूस आपल्या पहिल्या महिन्याची इतकी नीटनेटकी गोष्ट सांगतो की तिच्यात गोंधळ उरतच नाही.

'तुमच्या संस्थेची संस्कृती कशी आहे?' हा प्रश्न विचारला की जाहिरात मिळते. त्याऐवजी प्रसंग मागायचे. गेल्या आठवड्यात कोणाला काही विचारावंसं वाटलं आणि विचारलं नाही, असं काय होतं? पहिल्या महिन्यात कोणता शब्द सगळे वापरत होते आणि तुम्हाला कळत नव्हता? कोणाचं ऐकायचं हे कशावरून ठरवलंत? जुन्या माणसाला एकच प्रश्न वेगळा: इथे नवीन माणूस कशावरून ओळखू येतो? त्याच्या उत्तरात संस्थेचे अलिखित नियम उघडे पडतात, कारण ते मोडलेले पाहिल्याशिवाय त्याला दिसतच नाहीत.

गुण 20 मधून. आठ गुण माणसाचे शब्द जसेच्या तसे आणल्याबद्दल, सहा विश्लेषणाला, चार दोघांच्या सांगण्यातली एक तरी विसंगती पकडल्याबद्दल, दोन स्वतः काय गृहीत धरून गेलो होतो ते लिहिल्याबद्दल. विसंगती नसलेला अहवाल आला तर परत पाठवा. मुलाखत झाली नाही किंवा नीट झाली नाही, दोन्हींपैकी काहीतरी असतं.

एक गोष्ट मात्र सत्रं सुरू होण्याच्या कितीतरी आधी करून ठेवावी लागते. प्रथम वर्षाचे विद्यार्थी स्वतःच नवखे असतात. पहिल्याच आठवड्यात त्यांच्याकडून 'इथे मला न कळलेल्या दहा गोष्टी' लिहून घ्या, नाव घालून, बंद पाकिटात. तुम्ही ते उघडणार नाही हे सांगा आणि खरंच उघडू नका. चौथ्या महिन्यात, चिठ्ठ्यांच्या सत्राच्या शेवटी, ज्याचं त्याला परत द्या. प्रत्येक प्रश्नापुढे तीनपैकी एक खूण करायची: उत्तर मिळालं, हा प्रश्न पडला होता हेच विसरलो, अजून माहीत नाही पण आता विचारायची लाज वाटते. तिसऱ्या खुणेचे प्रश्न, ज्यांना द्यायचे असतील त्यांनी, निनावी डब्यात टाकायचे. त्यांची उत्तरं पुढच्या तासाला तुम्ही द्यायची, आणि पुढच्या तुकडीच्या स्वागताच्या कागदात ती छापायची.